खराब काठी यजमानाची

…आणि वर म्हणते कशी, "दारिओकाका, दोन्ही अगदी सारखे आहेत हं, आता भांडायला जागाच नाही." जागाच नाही! अहो, तुम्हाला सांगतो, तीच तर पंचाईत झाली ना! ही मिली, माझ्या शाळेपासूनच्या दोस्ताची, वाल्तेरची मुलगी, पोर गुणी, त्यात वाद नाही, बापासाठी कुठून कुठून शोधून आमच्या त्या जुन्या कमोडोर कॉम्प्युटरला बसतील असे दोन गेमपॅड घेऊन आली. कॉम्प्युटर तिच्या आईच्या लग्नाहून जुना, आणि त्याला हे नवे कोरे, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखे पॅड! दोन्ही सारखे. मग हरल्यावर माणसानं बोलायचं काय? नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून लोक हसतात. हसता काय? अंगण वाकडं लागतं हो माणसाला! सरळ अंगणात पाय वाकडा पडला तर जायचं कुठं?

आमच्याकडे दोन काठ्या होत्या. जॉयस्टिक म्हणा हवं तर, आम्ही काठीच म्हणतो. खाली रबरी वाट्या, टेबलाला थुंकी लावून चिकटवायच्या, आणि मूठ धरून हाणायची. एक काळी, एक तपकिरी. काळी लोण्यासारखी चालायची. तपकिरी नाठाळ, डावीकडे जा म्हटलं की जाते, उजवीकडे जा म्हटलं की कुरकुर करते, दात-ओठ खाऊन रेटावी तेव्हा कुठं हलणार. आणि वाल्तेरच्या आईचा नियम होता, पाहुण्याला चांगलं द्यायचं. राव्हिओलीचा, म्हणजे त्या सारण भरलेल्या पास्त्याचा, मोठा वाटा पाहुण्याला, पंख्यासमोरची खुर्ची पाहुण्याला, आणि काळी काठी पाहुण्याला. खराब काठी यजमानाची. कॉम्प्युटर त्याचा, घर त्याचं, म्हणजे यजमान कायम तो. आमच्या या बाहिया ब्लांका शहरात वारं असं सुटतं की रविवारी घराबाहेर पडायची सोय नाही, तेव्हा जेवण झालं की कॉम्प्युटरला गेमची टेप लावायची, ती लोड होईस्तोवर खोलीत कुणी पाऊलही टाकायचं नाही, माते म्हणतात त्या आमच्या कडू पाल्याच्या चहाचा तुंबा हातातून हातात फिरवायचा, आणि मग आमचा फुटबॉल. अकरा ठिपके माझे, अकरा त्याचे.

आणि तो जिंकायचा! तपकिरी काठीनं! चौदा-पंधरा वर्षांचे होतो तेव्हापासून, लग्नं झाली, पोरं झाली, केस गेले, हा बाबा जिंकतोच आहे! मी म्हणायचो, "चोरा, तुझीच काठी चांगली आहे, मला गंडवतोस." एकदा त्यानं मुकाट्यानं बदलून दिली. त्या दिवशी तर धुतलंच मला. मग मी म्हणालो, पडद्यावर उजेड येतो. मग म्हणालो, खुर्चीचा पाय आखूड आहे. मग म्हणालो, तुझं मांजर माझ्याकडे बघतं. एवढा हरलो, पण तुम्हाला सांगतो, दर रविवारी शीळ घालत घरी गेलो. का? अंगण वाकडं होतं ना!

मग गेल्या वर्षी… त्याचा उजवा हात… थरथरायला लागला. आधी तुंबा हिंदकळायचा, आम्ही म्हणायचो, पाणी जास्त घातलंय. मग डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि त्या दिवसापासून घरात ते नाव कुणी घेतलं नाही. काठी धरली की हात थरथरायचा, आणि पडद्यावरचा ठिपकासुद्धा थरथरायचा. तो म्हणायचा, "बघ लुकड्या, माझा गडी नाचतोय." मला अजून लुकड्या म्हणतो. माझं पोट बघताय ना? पण तो हसायचा आणि मला ते हसू बघवत नसे.

म्हणून मिलीनं पॅड आणले. हिशेब तिचा बरोबर, मूठ आवळायला नको, दिशेला डावा अंगठा, उजव्यानं नुसतं एक बटण दाबायचं. पण अगं बाई, त्याची सगळी विद्या उजव्या मनगटात! डावा अंगठा त्याचा अजून बालवाडीत! आणि मी? मी जन्माचा डावखुरा! चाळीस वर्षं काठी चुकीच्या हातात धरून मार खाल्ला, आणि पॅड हातात आला तो अंगठा असा पळायला लागला, की माझा मलाच ओळखू येईना.

जिंकलो. मी. तुम्हाला सांगतो, असं जिंकणं वैऱ्याच्या वाट्याला येऊ नये. मी वाट बघतोय, आता शिवी देईल, म्हणेल उजेड येतो, म्हणेल मांजर… काही नाही. पॅड उलटा केला, सुलटा केला, माझ्या पॅडकडे बघितलं. सारखेच! मग त्यानं आपल्या हाताकडे बघितलं. पॅडकडे नाही हो, हाताकडे… बराच वेळ.

पुढच्या रविवारी मी ठरवून हरायला लागलो. मोकळा गोल समोर, मी चेंडू बाहेर मारला. त्यानं पॅड खाली ठेवला. म्हणाला, "दया मला सिल्विनाकडून मिळते, डॉक्टरकडून मिळते, शेजारीसुद्धा वाटीभर आणून देतात. तू देऊ नकोस." सिल्विना म्हणजे त्याची बायको, ती स्वयंपाकघरात ऐकत होती, नळ बंद केला तिनं. मग म्हणाला, "आणखी एक रविवार खेळू, मग कॉम्प्युटर मिलीच्या शाळेला देऊन टाकतो. पुरे झालं."

पुरे झालं? आणि मी रविवारी काय करू, वारा मोजू? काय मागत होतो मी? एक वाकडं अंगण! तेवढंसुद्धा मिळू नये?

पॅडचा प्लग ढिला आहे अशी थाप मारून दोन्ही पॅड घरी आणले, आणि बरोबर तपकिरी काठी. कारण वाकडेपणा असतो कसा, ते आधी शिकायला नको? काठीचे स्क्रू काढले. आत चार दिशांना चार पत्र्याच्या पट्ट्या, आणि उजवीकडच्या पट्टीखाली कुणीतरी काहीतरी घडी करून खुपसलेलं. ओढून काढलं, उलगडलं… गोलकीपर बार्बेरीस!

तुम्हाला बार्बेरीस माहीत नाही? कसा असणार, भिकार संघातला भिकार गोलकीपर, पण त्याचं चित्र! फुटबॉलवाल्यांच्या चित्रांचा अल्बम असायचा, पाकिटं फोडायची, चिकटवायची, सगळा भरला की दुकानदार खरा चामड्याचा चेंडू द्यायचा. माझा सगळा भरला होता. एक जागा सोडून. बार्बेरीसची! अख्ख्या शाळेत कुणाकडे नाही, वाल्तेर आईची शपथ घेऊन म्हणाला, माझ्याकडे नाही. आणि हा इथं मिशीवर घडी घालून बसलाय!

स्वयंपाकघरात उभा राहून मी एकटाच त्याला शिव्या घालत होतो. आणि मग डोक्यात प्रकाश पडला… म्हणजे ही काठी खराब नव्हतीच. यानं केली. सहज जिंकायचा ना, मी रुसून उठून गेलो असतो, परत आलोच नसतो. म्हणून स्वतःच्याच अंगणात खड्डा खणून ठेवला, आणि तरी जिंकला, नालायक! पण दुसरा कागद मिळाला नाही का रे तुला? माझाच बार्बेरीस? मी हसत होतो की रडत होतो, देव जाणे.

तोच बार्बेरीस घेतला. एक पॅड उघडला, उजव्या बाणाच्या रबराखाली अर्धा सरकवला. जोर केला तरच जाईल, नाहीतर नाही. रविवारी तो पॅड मी स्वतःकडे ठेवला. म्हटलं, आता इमानदारीत हरीन, आणि शीळ घालत घरी जाईन.

पहिल्याच चालीला माझा गडी उजवीकडे जाईना. वाल्तेरनं बघितलं. हात पुढे केला, थरथरता. म्हणाला, "दे इकडे. पाहुण्याला चांगला."

अहो, नको म्हणालो, ओढाताण केली, पण आईचा नियम! घेतलाच त्यानं. झालं, सगळी योजना पाण्यात! वाईट पॅड त्याच्याकडे, चांगला माझ्याकडे, आणि हरला हो, पार चिंध्या झाल्या. मी मान खाली घालून बसलो. आता उठेल, वायर गुंडाळेल, संपलं…

आणि त्यानं पॅड टेबलावर आपटला! "हा काय पॅड आहे? उजवीकडे जातच नाही! कुठल्या गाढवानं बनवलाय?" मिलीला शिव्या, कारखान्याला शिव्या, मला शिव्या, मांजर केव्हाच वारलं तर त्याच्या नातवाला शिव्या! किती महिन्यांनी! सिल्विना हातात पळी घेऊन दारात आली, त्याच्याकडे बघत राहिली, आत गेली आणि तिनं रेडिओ मोठा केला. आणि हाताकडे? एकदासुद्धा नाही बघितलं त्यानं. म्हणाला, "पुढच्या रविवारी बघतो तुला." शाळा गेली उडत.

निघताना दारापर्यंत सोडायला आला, हात खिशात. हळूच म्हणतो, "लुकड्या, मिशीवर आणखी एक घडी घातली नाहीस ना?"

मी म्हणालो, "कुणाच्या मिशीवर?"

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला. "चांगला पॅड तुझ्याकडे होता, म्हणून जिंकलास."

घ्या! तेव्हापासून दर रविवारी जिंकतो आणि दर रविवारी चोर ठरतो. चाळीस वर्षं हरलो, आता जिंकतोय, तर एकही जिंकणं खात्यात जमा नाही. शीळ आता तो घालतो, आणि मी त्या वाऱ्यातून गपचूप घरी येतो. अल्बम कपाटात आहे, सगळा भरलेला, एक जागा सोडून. बायको विचारते, एवढं चित्र सापडलं म्हणता, मग आणून चिकटवत का नाही? चिकटवेन की. तो पॅड रिकामा झाला की आणायचंच आहे… पण तुम्हाला सांगतो, तो अल्बम पुरा व्हायची मला आता काही म्हणजे काही घाई नाही.