तोंडावर बोट

नाही, मान हलवायची नाही. मान हलवून दात तपासता आले असते, तर एवढी जाडजूड खुर्ची जिन्यावरून वर कशाला चढवली असती डॉक्टरांनी? तोंड उघडायचं. आ. झालं, एवढंच काम. माझ्याकडे बघ — आ. काय कठीण आहे त्यात? सगळ्या वर्गाने केलं. तो चष्मेवाला, ज्याला सुई नुसती म्हटली तरी घेरी येते, त्यानेसुद्धा केलं. आणि तू — जिच्याबद्दल मी आजवर एक तक्रार ऐकली नाही — ती तू ओठ शिवल्यासारखी बसलीयेस. बरं, आत नाही तर नाही, निदान इथे बाकावर उघड, माझ्यापुढे. तेही नाही? बस मग. मीही बसते. माझे पाय सकाळपासून भरून आलेत. मला नाही बाई घाई. घाई त्यांना आहे — ऐक, सामान आवरताहेत आत, डब्यांची झाकणं लावताहेत. खाली गाडी उभी आहे. एकदा गेले की थेट पुढच्या वर्षी. आणि तुझा तो उजवा गाल मला मघापासून बरा दिसत नाहीये, सुजल्यासारखा वाटतोय. म्हणून तुझ्यामागे लागलेय, नाहीतर मला काय पडलंय?

खेळ संपला गं, बाळा. किती वेळा सांगू? मी पुकारलं तेव्हा तू काय झोपली होतीस? "खेळ संपला, आता तोंडं उघडा" — घसा ताणून ओरडले मी, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. सगळ्यांनी तोंडं उघडली आणि असा कालवा केला, असा कालवा, की मोठ्या बाई धावत वर आल्या. आणि बोलणी कुणी खाल्ली? मी. खेळ माझा ना! पण मला सांग, दुसरं काय करणार होते मी? आख्खा वर्ग या एवढ्याशा व्हरांड्यात, दोन बाक, एक खिडकी, आणि आत एकेकाला हाक — बाकीच्यांनी काय भिंतीकडे बघत बसायचं? डॉक्टर म्हणतात, मुलं शांत हवीत. मोठ्या बाई म्हणतात, मुलं आनंदी हवीत. शांत आणि आनंदी! दोन्ही एकाच वेळी! तुम्ही मुलं झोपेत असता तेव्हाच जमतं ते.

आणि हे माझं काम तरी आहे का? वर्गशिक्षिका कुठे आहेत तुझ्या? शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासताहेत. गणिताचे सर? त्यांचा तास बुडवता येत नाही. मग उरलं कोण — चित्रकलेच्या बाई. "तुम्ही मोकळ्याच असता ना?" असं म्हणतात मोठ्या बाई, हसून, खांद्यावर हात ठेवून. फोटोवाला आला, बोलवा चित्रकलेच्या बाईंना. कुणाला उलटी झाली, न्या चित्रकलेच्या बाईंकडे. पावसात पालक उशिरा आले — थांबतील की बाई, त्या मोकळ्याच असतात! आज तर कमालच. सकाळी येऊन बघते तर माझ्या खोलीतली टेबलं भिंतीला लावलेली, रंगांच्या बाटल्या खोक्यात कोंबलेल्या, झाकणं सुटून निळ्यात पिवळा मिसळलेला — आणि मधोमध ती खुर्ची. माझ्याच खोलीच्या दारात मी चप्पल काढून विचारतेय, आत येऊ का? आणि ती डॉक्टर, पोरगेलीच आहे, ती म्हणते, तुम्ही बाहेर मुलांना रमवा. रमवा! म्हणायला काय जातंय?

रमवायला मी काय कमी केलं? सांग ना, तू होतीस की पहिल्या बाकावर. खिडकीतल्या उन्हात बोटांनी ससा करून दाखवला, तर तो मागचा दांडगट म्हणतो, ही दाढ आहे, हिला मुळं फुटलीत. झालं, तिथून पुढे मी हरीण करू दे नाहीतर कोंबडा, सगळ्यांना दाढच दिसायला लागली. मग म्हटलं चित्र काढू या. छान हसरा दात काढला मी कागदावर, डोळे, टोपी, हातात ब्रश. कागद फिरत फिरत परत आला तेव्हा दाताला भोक पडलेलं, भोकात किडा, किड्याच्या हातात करवत. करवत कुठून आली? तर म्हणे आत आहे. कोण म्हणालं? त्या दांडगटाची ताई. तिचा दात काढला तेव्हा हनुवटीसुद्धा निघून आली होती म्हणे. मी म्हटलं, अरे, आहे ना तिची हनुवटी जागेवर, काल तर बघितली मी. तर म्हणतो, ती दुसरी बसवलेली आहे! पहिली रांग रडायला लागली, तिचं बघून दुसरी. गाणं सुरू केलं तर आतून निरोप — जरा हळू. गोष्ट सुरू केली, एका राजाची दाढ दुखत होती, तर लगेच प्रश्न — मग तो मेला का? माझ्या नाकी नऊ आले गं. त्यात आत ते पाणी ओढायचं यंत्र घुर्रर्र करून वाजलं — आणि दोघं जण जिन्याकडे पळाले.

तेव्हा मग काढला तो खेळ. हाताची घडी, तोंडावर बोट — पण शिक्षा म्हणून नाही, पैज म्हणून. ओठ उघडले की बाद. हसलं, रडलं, काहीही झालं, ओठ उघडले की बाद, आणि बाद झालेल्याने तिकडे जिन्यात जाऊन बसायचं. शेवटपर्यंत टिकेल त्याचं चित्र मी भिंतीवर लावणार. बघितलंस ना, एका क्षणात सगळे कसे चिडीचूप! टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मला वाटलं, जिंकलं आपण. मोठ्या बाई जिन्यातून डोकावून मान डोलवून गेल्या. इतकी वर्षं मी इथे आहे, पहिल्यांदा त्यांनी मान डोलवली असेल. आणि मग तो पहिला चष्मेवाला आत गेला, खुर्चीत बसला, डॉक्टर म्हणाली आ कर — आणि हा बोट ओठांवर ठेवून ढिम्म! दुसरा गेला, तोही तसाच. तिसरीने तर दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. शेवटी डॉक्टर बाहेर आली, हातमोजे तसेच, म्हणाली, "बाई, तुम्ही यांची दातखीळ बसवलीत का? तोंड उघडत नाहीत ही मुलं. आम्ही दात तपासायला आलोय!" तोंडघशी पडले मी. दातांच्या तपासणीला आलेल्या मुलांना तोंड मिटायची पैज लावणारी बाई! मला वाटतं वर्षभर पुरेल त्यांना हसायला, शिक्षकांच्या खोलीत. दात काढत असतील आत्तासुद्धा.

हसू नकोस म्हणत नाहीये मी तुला. हस की. हसलीस तर निदान तोंड तरी उघडेल. नाही?

खरं सांगू, तुझ्यासारखीच होते मी. हा खेळ काय मी शोधलाय? आमच्या आईचा तो. घरी पाहुणे आले, वडिलांचं डोकं दुखतंय, आई थकलीय — चला, तोंडावर बोट, कोण जास्त वेळ गप्प बसतं बघू. आमचा दादा दुसऱ्या मिनिटाला बाद. मी? मी कायम जिंकायचे. आई सगळ्यांना सांगायची, आमची धाकटी म्हणजे घरात आहे की नाही कळत नाही हो! केवढं कौतुक वाटायचं मला त्याचं. एकदा कान ठणकत होता, पू झाला होता आत, तरी बोलले नाही, पाहुणे जाईपर्यंत. अजून या उजव्या कानाने मला कमी ऐकू येतं. म्हणून तर तुमच्याकडे हा डावा कान करून बसते मी... जाऊ दे, तुला काय सांगतेय हे मी?

पण तुला म्हणून सांगते, कुणाला बोलू नकोस — तू कसली बोलतेस म्हणा! — त्या खोलीत आज खुर्ची ठेवलीय ना, ती नुसती आजची सोय नाहीये. पुढल्या सत्रापासून ती खोली औषधपाण्याची खोली होणार. पलंग, कपाट, वजनकाटा. आणि चित्रकला वर्गातच घ्यायची, बाकावर बसून, पाणी सांडू न देता. मागच्या आठवड्यात सांगितलं मला मोठ्या बाईंनी, इथेच, याच बाकापाशी, चालता चालता. मी म्हणणार होते. म्हणजे मनात सगळं तयार होतं — की मुलं उभी राहून काढतात तेव्हा हात मोकळा होतो, की रंग सांडण्यासाठीच ती एक जागा आहे, की तुम्हाला काय माहीत आहे मोठ्या बाई, इतर तासांना मुकी असणारी पोरं तिथे कशी... आणि तोंडातून काय निघालं? "चालेल." एवढंच. चालेल! वर आणि हसले. मग घरी जाऊन रात्री उशीला सांगितलं सगळं भाषण. उशी काय म्हणणार? म्हणून म्हणते, भिंतीवर चित्र लावीन म्हटलं ना मी, ते कुठल्या भिंतीवर ते मला विचारू नकोस.

— हो मोठ्या बाई! आलेच! हो, एकच राहिलीय... नाही, तशी शहाणी आहे ती, जरा घाबरलीय... दोन मिनिटं द्या... हो. हो, डॉक्टरांना उशीर होतोय, कळतंय मला... बरं. नाही उघडलं तर राहू दे... चालेल. चालेल बाई.

गेल्या आत. ऐकलंस? पुन्हा म्हटलं मी. चालेल. काय चालेल? तुझा गाल असा टम्म फुगलाय आणि म्हणे राहू दे! आणि मीही म्हणते चालेल! आता मात्र पुरे हं. माझा संयम संपला. उद्या दुखलं, रात्री रडलीस, तर तुझी आई मलाच विचारणार, तुम्ही तिथे होतात ना? तेव्हा मी काय सांगू, तुमची मुलगी हट्टी आहे? तू हट्टी नाहीस, मला माहीत आहे, मग कशाला छळतेस? दाताच्या कण्या केल्या मी सकाळपासून! उघड! उघड म्हणते ना! तोंड उघड!

...अगं. अगं, रडतेस काय? नाही, तुझ्यावर नाही ओरडले मी. मी आपली... इकडे ये. पूस डोळे. हे काय? ओठाच्या कडेला हे काय आहे लाल? रंग खाल्लास का? थांब, हात काढ. हात काढ बघू, मी काही करत नाहीये. हे — हे रक्त आहे. कुठून येतंय? पडलीस का? कुणी मारलं? मग मला आधी सांगायचं नाही का गं... काय, काय दाखवतेस? फरशी? फरशीचं काय? सांडेल म्हणून? अगं, फरशी गेली खड्ड्यात! ही घे माझी ओंजळ. इथे. थुंक. मला घाण नाही वाटत, दिवसभर रंगात असतात माझे हात. थुंक बाळा.

...

दात आहे हा.

दुधाचा दात. आख्खा. कधी पडला? आत्ता? नाही? मग कधी — व्हरांड्यात असताना? खेळ चालू असताना? आणि तेव्हापासून तू... एवढा वेळ, रक्त, थुंकी, सगळं तसंच गालात धरून... थांब. तू आली होतीस. मघाशी तू आली होतीस माझ्यापाशी. बाही ओढत होतीस माझी, तोंडाकडे बोट दाखवत होतीस. मी त्या दांडगटाला गप्प करत होते, आणि तुला म्हटलं — हो, मीच म्हटलं. "नंतर! तोंडावर बोट!" आणि तू जाऊन बसलीस. मी सांगितलं म्हणून. ओठ उघडले की बाद म्हटलं म्हणून.

डॉक्टर! अहो डॉक्टर, थांबा! खोकी बांधू नका, सोडा ती दोरी! — नाही मोठ्या बाई, राहू दे नाही. नाही चालणार. गाडी थांबेल. मी सांगते त्यांना, थांबेल गाडी. तुम्ही जरा बाजूला व्हा, तिला जायला वाट द्या.

जा गं. पाणी देतील तुला आत, खळखळून चूळ भर, कितीही सांडू दे. हा दात मी धरते मुठीत, हरवत नाही. काय म्हणालीस? मोठ्याने म्हण, या डाव्या कानाशी. ...

हो. बाद झालीस. पळ.