परीला ॲडमिट केलंय

अगं, परवाचं सांगते. सासूबाई आमच्या परीला घेऊन पैठणच्या एसटीत बसल्या आन् थोड्याच वेळात मोबाईलवर मेसेज आला, "परी हिला ॲडमिट केले आहे. जवळच्या नातेवाइकाने ताबडतोब यावे." मला वाटलं, एसटीच उलटली. वर शाळेचं नाव होतं, पण ते कुणाला दिसतंय? सासूबाईंना फोन लावला तर उचलंनात. पुन्हा लावला तेव्हा म्हणल्या, "आगं, पेरू खाती की पोरगी! तू रडती कशाला?" तरी परीचा आवाज ऐकल्याबिगर मी खाली बसले नाय.

मग मेसेजमधल्या नंबरावर फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "ताई, बालवाडीचा फॉर्म भरला होता ना? प्रवेश झालाय. आमच्या संस्थेची शाळा बी हाय आन् दवाखाना बी, दोन्हींचे मेसेज इथूनच जातात. नावं बरोबर टाकली, मजकूर तेवढा इकडचा तिकडं झाला."

"व्हय? मग तिकडं दवाखान्यातल्या पोराच्या आईला काय गेलं?"

तो हळूच म्हणाला, "अभिनंदन! सोमवारपासून डबा देऊन पाठवा."