सरखोतांच्या घरचा हिरवा रंग

आधी ठरविले, मग देवा पुसे
तयासी मी कैसे भक्त म्हणू!

पद जुनं नाही हो, माझंच जोडकाम आहे. पेटीवाल्यांना विचारा, दुपारी जेवताना सुचलं. पण मंडळी, आजचा प्रश्न यातच आहे. तुम्ही देवाला विचारायला जाता — की देवाची सही आणायला जाता? विचारणं वेगळं आणि सही वेगळी! सहीला जाणारा माणूस कागद आधीच लिहून नेतो. देवानं फक्त खाली अंगठा उठवायचा!

आता ऐका. आख्यान आहे इसहाकभाई सरखोतांचं. हां — पहिल्या रांगेतल्या अण्णांच्या भुवया वर गेल्या! "बुवा, देवळात मुसलमानाचं आख्यान?" अहो अण्णा, तुमची होडी कुणी बांधली? ती चालते ना पाण्यात? मग आख्यानही चालेल. बसा निवांत.

खाडीपल्याडच्या मोहल्ल्यात हा इसहाकभाई राहायचा. होड्या बांधणारा. हात असा, की पाण्यानं आत यायला वाट मागावी आणि मिळू नये! पण लाकडाच्या बाबतीत भारी चिकट माणूस. आईनाची फळी आली की पहिली सावलीत ठेवणार. सहा महिने वाळवणार. मग बोटाच्या पेरानं ठोकणार — टक्, टक् — कान लावून ऐकणार. चार सुतारांना बोलावणार, "तू ऐक रे, पोकळ वाजते का?" आणि मग कुठं खिळा! लोक चिडायचे. हा म्हणायचा, "खिळा मारल्यावर फळीला विचारून काय उपयोग?"

वा! वाक्य लक्षात ठेवा. पुढं त्याच्याच गळ्यात पडणार आहे.

या इसहाकभाईला एकच मुलगी. सफूरा. रत्नागिरीला राहून तीन वर्षं नर्सिंग शिकली, पास झाली, सरकारी दवाखान्यात अर्ज करून घरी वाट बघत बसलेली. आणि एका रविवारी स्थळ आलं. मुलगा कुवेतला! तौफीक नाव. सुट्टी एकवीस दिवसांची. मुलाचे वडील म्हणाले, "मुलगी पसंत आहे. नोकरी-बिकरी काही करायची नाही, घर सांभाळायचं. हा नाही, पुढचा शुक्रवार धरू, निकाह लावून टाकू."

कुवेत म्हटल्यावर इसहाकभाईचा ऊर असा भरून आला! रविवारी संध्याकाळी आचाऱ्याला सांगून झालं, बिर्याणीच्या दोन देगा. मांडवाचे बांबू सांगून झाले. मेव्हण्याला, लुकमानमामाला, फोन करून झाला. आणि सोमवारी सकाळी हा गेला मशिदीत, खतीब मौलानांकडे. म्हणतो कसा, "मौलाना, मोठा निर्णय आहे. इस्तिखारा करावा म्हणतो."

इस्तिखारा म्हणजे काय? सांगतो. मुसलमान माणूस मोठ्या कामाआधी दोन रकात नमाज पढतो आणि एक दुवा मागतो. लग्न, धंदा, घर, परदेश — काहीही असो. म्हणतो, अल्ला, मला कळत नाही, तुला कळतं. तूच सांग. किती सुंदर आहे बघा! सगळं शहाणपण चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचं आणि आत जायचं.

मौलाना म्हातारे, पण डोळा तिखट. त्यांनी विचारलं, "इसहाकभाई, मनात काही ठरवलेलं नाही ना?"

"छे छे! पाटी कोरी!"

कोरी! आणि दोन देगा कुणासाठी रे? भुतांसाठी?

मौलानांनी दुवा लिहून दिली. "आणि घरात सल्लामसलत कर. अल्लालाही विचार, माणसांनाही विचार," असं सांगितलं. यानं पहिलं ऐकलं. दुसरं मशिदीच्या पायरीवर सांडलं. कारण मोहल्ल्यात कुणीतरी याला सांगून ठेवलेलं — इस्तिखारा केला की स्वप्न पडतं. हिरवं-पांढरं दिसलं तर हो. काळं-लाल दिसलं तर नको. सोपं काम! अल्लानं जणू सिग्नलचा खांब रोवलाय, बघायचं आणि गाडी काढायची!

पहिलं स्वप्न पडलं. काय दिसलं? म्हैस. काळीकुळकुळीत! विहिरीत पडलेली!

सकाळी उठला, विचारात पडला, आणि म्हणतो, "काल वाटणाचं जेवण जास्त झालं. हे पोटाचं स्वप्न आहे, अल्लाचं नाही."

त्याच दिवशी, मंगळवारी, दहाच्या सुमाराला पोस्टमन आला. पाकीट सफूराच्या नावाचं. वर सरकारी शिक्का. इसहाकभाईनं होडीपाशीच फोडलं. तालुक्याच्या दवाखान्यात नेमणूक! निकाहानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. अरे, तू विचारत होतास ना? उत्तर आलं! पोस्टमनच्या हाती आलं, वर पोचपावतीवर सही करून घेतली! पण नाही. यानं पाकिटाची घडी केली, हत्यारांच्या पेटीत पटाशीखाली सारली आणि म्हणाला, "बघू नंतर." आणि घरात जाऊन झोपला. का? स्वप्न बघायला!

हसू नका. जागेपणी दिसतं ते बघायचं नाही, झोपेत दिसेल त्याची वाट बघायची — हा धंदा एकट्या इसहाकभाईचा नाही.

दुसरं स्वप्न लाल. लालभडक! घाबरला का? अजिबात नाही. "लाल तर नवरीचा शालू!" तिसऱ्यांदा काही दिसलंच नाही, नुसती मांजर ओरडली. चौथ्या दिवशी काय केलं असेल या गृहस्थानं? होडीचा उरलेला हिरवा रंग घेतला, तेलाचा, आणि निजायच्या खोलीच्या चारही भिंती रंगवल्या! चादर हिरवी. उशी हिरवी. बायको, जुलेखा, नाकाला पदर लावून दारात उभी. "अहो, हे घर आहे की मचवा? डोकं उठलं माझं वासानं!"

"गप गं. इस्तिखारा चाललाय."

"अल्लाला रंग दिसत नाही का काय, म्हणून भिंती रंगवताय?"

बायका एका वाक्यात जे बोलतात ना, त्याला आम्हाला दोन तास कीर्तन करावं लागतं.

खिडक्या लावून झोपला. आणि काय सांगू, दिसलं! हिरवं पाणी, हिरवं आभाळ, स्वतः इसहाकभाई हिरवा, दाढीसुद्धा हिरवी! अहो, त्या वासात बैल झोपवला असता तर त्यालाही हिरवंच दिसलं असतं! पण हा पेढे घेऊन मोहल्लाभर. "अल्लाचा हुकूम झाला! आता इस्तिखाऱ्याला कुणी नाही म्हणायचं नसतं!" घरोघर, दहा जणांना, वीस जणांना. "नाही म्हणायचंच नसतं!"

आता मला सांगा. अल्लाला विचारलं. पोटाला विचारलं. भिंतीला विचारलं. आचाऱ्याला तर सगळ्यांच्या आधी विचारलं! या घरात विचारायचं कोण राहिलं?

बघा, मागं बसलेल्या बायका लगेच बोलल्या. पुरुष अजून विचार करतायत.

शुक्रवार उजाडला. जुम्म्याची नमाज झाली. मांडव भरला. तौफीक सेहरा बांधून बसला. बिर्याणीचा वास खाडीच्या या काठापर्यंत. निकाहाआधी त्यांच्यात मुलीला विचारावं लागतं. मुलीच्या बाजूचा वकील आणि दोन साक्षीदार आत जातात. वकील झाला लुकमानमामा. आता रिवाज असा पडून गेलाय, की मुलगी गप्प बसली तर हो. रडली तर हो. मान खाली घातली तर फारच हो! मामाला घाईच होती, देग उघडायची होती. त्यानं उभ्याउभ्याच विचारलं, "बेटी, कबूल आहे ना?" आणि वळला.

"थांबा मामू," सफूरा म्हणाली. "मीही इस्तिखारा केलाय."

इसहाकभाई धावत आत आला. ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ओरडणार काय? इस्तिखाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, हे मोहल्लाभर पेढे वाटून कुणी सांगितलं होतं?

शेवटी म्हणाला, "तुला... तुला काय स्वप्न पडलं?"

"स्वप्न नाही पडलं, अब्बा. बारा दिवस मला झोपच लागली नाही."

ऐकलंत? एकाच छपराखाली बाप हिरवं स्वप्न पडावं म्हणून खोली रंगवतोय, आणि भिंतीपलीकडं मुलगी टक्क जागी आहे. आणि बापाला पत्ता नाही!

मग ती पोर खतीब मौलानांना म्हणाली, "मौलाना, त्या दुवेचा अर्थ सगळ्यांना सांगा."

मौलाना उंबऱ्याशी आले. म्हणाले, "दुवा अशी आहे. अल्ला, हे काम माझ्या दीनासाठी, म्हणजे धर्मासाठी, जगण्यासाठी, शेवटासाठी चांगलं असेल तर माझ्यासाठी सोपं कर. वाईट असेल तर ते माझ्यापासून फिरव आणि मला त्याच्यापासून फिरव. आणि भलं जिथं असेल तिथून दे, मग मला त्यात राजी ठेव." मग वळले. "इसहाकभाई, यात हिरवा रंग कुठं आहे? पैगंबरसाहेबांनी सांगितलंय, मुलीला विचारल्याशिवाय तिचा निकाह लावू नका. तू तिला विचारलंस?"

सफूरा म्हणाली, "मी रोज मागत होते, अब्बा, भलं कुठं असेल ते दे. मंगळवारी विहिरीवर पोस्टमन म्हणाला, ताई, पेढे कधी? मला तेव्हाच कळलं पत्र आलंय. दहा दिवस वाट बघितली, तुम्ही स्वतः द्याल म्हणून. तुम्ही फळीसुद्धा ठोकून ऐकता हो. मला एकदाही विचारलं नाहीत."

लागलं! खिळ्यासारखं लागलं. मांडवातून, सगळ्यांच्या मधून, चालत खाडीवर गेला. पेटी उघडली. पटाशी उचलली. पाकीट घेऊन परत आला. तेलाचे डाग पडलेलं. मुलीसमोर जमिनीवर बसला, तिच्या हातात दिलं, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा विचारलं, "सफूरा, तुला काय पाहिजे, बेटा?"

"सोमवारी हजर व्हायचंय, अब्बा."

"मग मी नेऊन सोडतो," तो म्हणाला आणि ढसाढसा रडला.

मुलाचे वडील तणतणत उठले. बेइज्जती, बेइमानी, सगळं झालं. आणि तो तौफीक — पोरगा वाईट नव्हता हो — सेहरा वर करून हळूच म्हणतो, "चाचा, मलाही कुणी विचारलं नव्हतं." आणि बापाला म्हणाला, "बसा बाबा, बिर्याणी तरी खाऊन जाऊ."

हसलात. हसा! मुसलमानाची फजिती, छान वाटतं ऐकायला! आता आपल्या देवळात या. कौल लावता ना तुम्ही? मूर्तीला पाण्यानं दोन कळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. माझ्या थोरल्या मुलाला चित्रकला शिकायची होती. मला तो दुकानात बसायला हवा होता. मी कौल लावला. डावी पडली. "गुरवा, पुन्हा लाव." पुन्हा डावी. तिसऱ्या वेळी मी या तोंडानं, ज्या तोंडानं हरिनाम घेतो त्या तोंडानं, गुरवाच्या कानात म्हणालो, "उजवी कळी जरा कोरडी लाव रे."

पडली! उजवी पडली. मुलगा दुकानात बसला. आज आठ वर्षं झाली, माझ्याशी कामापुरतं बोलतो. मला हिरवा रंग लावणाऱ्याला हसायचा हक्क नाही, मंडळी. मी कळीच कोरडी लावली. इसहाकभाईनं निदान पत्र काढून दिलं.

तेव्हा देवाला जरूर विचारा. पण ज्याचं आयुष्य आहे त्याला आधी विचारा. आणि उत्तर आलं की ते पटाशीखाली घालू नका.

पेटीवाले, सूर धरा, आरतीची वेळ झाली. पण ज्याच्या घरी असं एखादं पत्र दाबून ठेवलेलं असेल, त्यानं आरतीला थांबू नये. उठावं, घरी जावं, ज्याचं त्याच्या हातात द्यावं. देव रागावणार नाही. आणि बुवा लवकर निघून गेले तर तुम्हीही रागावू नका — दुकान बंद व्हायच्या आत मला पोचायचंय.