चाळीस फोनांत एकच आई

दातांच्या डॉक्टरांकडे दाढ धरून बसलेली मुलगी एकदम दचकली. समोरच्या मुलाच्या खिशातून एक बाई किंचाळत होती, "उठतोस की ओतू बादली, मेल्या?"

"शी! कोण रे ही भांडकुदळ बाई?" त्याच्या आईने विचारलं.

"आई, तूच."

"मी?"

"दुपारच्या झोपेचा अलार्म आहे, बंद करायचा राहिला. मागच्या सुट्टीत तुला गुपचूप रेकॉर्ड केलं."

"का? कोंबडा मिळाला नाही तुला?"

"लावला होता ना! कोंबड्याने हॉस्टेलमध्ये कुणी कूससुद्धा बदलत नाही. तुझ्या आवाजाने सगळे ताडकन उठतात."

"सगळे म्हणजे?"

"अख्खा मजला. चाळीस जणांनी मागून घेतलाय."

"अरे देवा! चाळीस पोरांत अब्रू गेली माझी! आत्ताच्या आत्ता सगळ्यांना डिलीट करायला सांग."

"सांगतो. पण माझ्या खोलीतला ढापण्या नाही ऐकायचा."

"का? त्याची आई ओरडत नाही का?"

"त्याला आई नाहीये. तो उठल्यावरही अलार्म बंद करत नाही, शेवटपर्यंत ऐकतो."

मुलगी दाढ विसरली. मुलाच्या आईने हात पुढे केला.

"दे तो फोन इकडे. आणि त्याचं खरं नाव सांग, नाव घेऊन ओरडते."