गाठीचा उपास

गोरेगावच्या बसस्टँडवर गोंदियाच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं, म्हातारीच्या मांडीवर डबा.

"का जी, दोन घास तरी खा. मांगच्या खेपेले वजन कमी भरलं म्हणून डॉक्टरनं केमोची सुई न देताच वापस धाडलन."

"नाही खात. गाठीले उपाशी मारून राहिलो मी."

"हे कोनं सांगतलन?"

"आपल्या आचलनं. कॅन्सरवर संशोधन करते ना भाची माही? गाठीच्या पेशी साखर बकाबका खातेत म्हने. अन् भाताचीबी साखरच होते."

"मंग तिलेच लावू फोन. स्पीकरवर. हॅलो आचल, तुह्या मामाजीनं पंधरा दिवसांपासून भात सोडला वो!"

"काऊन मामाजी?"

"तूच त बोलली. साखर बंद केली का पेशी मरतेत."

"अहो, त्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतल्या पेशी! त्या बशीत मामाजी नाही राहत. तुम्ही उपाशी राहिले त गाठ तुमचंच अंग खाईल."

"म्हणजे पंधरा दिवस मी उपाशी, अन् गाठ जेवूनच राहिली?"

"हो जी."

"बेइमान! मंग तू सात वर्षं बशीत काय पाहून राहिली?"

"साखर बंद केल्यावर गाठ चोरून कोठून खाते, तो रस्ता शोधून राहिली. सापडला का बंद करायचा."

"सापडला का मंग?"

"अजून नाही, मामाजी."

"बरं, तू शोध. तवरिक मी जेवतो."