चावी मीच पाण्यात टाकली

जबाब, दि. २१ एप्रिल, दुपारी २ वाजून ४० मिनिटे.

नाव दारिमा बायारोवना रिंचिनोवा, वय ३८ वर्षे, धंदा शाळेच्या खानावळीत स्वयंपाक, राहणार हारा-खुशून, बैकाल सरोवराचा काठ.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझे पती झोरिग्तो यांनी काल दिलेली तक्रार खरी आहे. गाडीची चावी मीच पाण्यात टाकली. एवढं कबूल केल्यावर बाकीचं कशाला, असं मी म्हटलं. पण साहेब म्हणतात, क्रमानं सांगा. सांगते, पण भरभर लिहा.

रविवारी सकाळी नऊ वाजता पती, मी, सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी यान्झिमा असे चौघं गाडीनं गोठलेल्या सरोवरावर सहलीला गेलो. काठावर सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे दूध शिंपडलं. आठवडाभर बर्फावर पाणी साचलेलं होतं. त्या दिवशी ते नाहीसं होऊन बर्फ कोरडा, पांढरा दिसत होता. पती म्हणाले, "बघ, पुन्हा घट्ट झाला." माझे वडील जन्मभर बर्फाखाली जाळी टाकायचे. ते सांगायचे, पाणी वर दिसतंय तोवर खुशाल जा; पाणी दिसेनासं झालं की उतरू नका. ते पाणी बर्फातून खाली झिरपलेलं असतं आणि बर्फ खराट्याच्या काड्यांसारखा सुटा उभा असतो. सकाळच्या थंडीत तो धरून राहतो, उन्हात सोडतो. हे माहीत असूनही मी गाडीत बसले. सासूबाई हिवाळाभर घराबाहेर पडल्या नव्हत्या, मुलगी नाचत होती, आणि दर वेळी मीच नाट लावते हे ऐकून मला वीट आला होता. ती माझी चूक आहे, तीही लिहा.

काठापासून तीन किलोमीटरवर थांबलो. पतींनी गिरमिटानं भोक पाडून गळ टाकला. आम्ही मांसाचे मोमो खाल्ले, चहा घेतला. तीन वाजता निघायचं ठरलं तेव्हा मी पहार मारून पाहिली. सकाळी तिथंच खणखणीत आवाज आला होता. आता चौथ्या घावाला पहार पार गेली.

"चालत जाऊ," मी म्हटलं.

"अगं, मीटरभर जाड आहे! रणगाडा जाईल यावरून."

"जाडीवर जाऊ नकोस, झोरिग्तो. आवाज ऐक."

"तुझ्या वडिलांचं पुराण घरी सांग. आई, यान्झिमा, बसा गाडीत."

मुलगी बसली. चावी टपावर, थर्मासच्या शेजारी होती. मी ती उचलली आणि गळाच्या भोकात टाकली. तोपर्यंत मी असं काही करीन हे मलाही माहीत नव्हतं.

"सूनबाईच्या डोक्यात वारं शिरलंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांना मुलीच्या घसरगाडीवर बसवून, एकमेकांत अंतर ठेवून, दोरी धरून आम्ही काठ गाठला. वाटभर सासूबाई माझ्या माहेरचा उद्धार करत होत्या.

गाडी आजही जागेवर उभी आहे. गाव हसतंय. दुकानात विचारतात, "काय दारिमा, बुडाली का गं?" ती महिनाभर उभी राहिली तरी मी पुन्हा तेच करीन.

पण मी तक्रारीला उत्तर द्यायला आलेली नाही, साहेब. दिरांनी शहरातून दुसरी चावी पाठवली. ती घेऊन पती आज २ वाजून २० मिनिटांनी बर्फावर चालत गेले. मी दारात आडवी उभी राहिले. म्हणाले, "तासाभरात गाडी दारात उभी करतो, मग बघू तुझं तोंड." ते अजून पोचले नसतील. माझं ते ऐकत नाहीत, वर्दीचं ऐकतील. तुमचा कर्णा घ्या आणि काठावर चला. बर्फाचं काही बोलू नका. ‘तुझ्या बायकोला अटक केली आहे, ताबडतोब परत ये,’ असं ओरडा. त्यांना ते आवडेल. ते येतील.

जबाब वाचून दाखवू नका, वेळ नाही. मला वाचता येतं, लिहिताना वाकून पाहिलं आहे, सांगितलं तसंच लिहिलं आहे. सही केली. उठा आता.