वहिनीचे सहा

मूत्रविकारांच्या दवाखान्यात आजी आपल्या नंबराची वाट बघत होत्या. पुढच्या बाकावर शाळेतल्या एक बाई आणि त्यांची नणंद. कान न देताही सगळं ऐकू येत होतं.

"आज डॉक्टर हो म्हणाले तर लेकीकडे जायचं हं, वहिनी. नात रांगायला लागली तरी तू पाहिली नाहीस."

"आठ तासांची बस गं. मूत्राशयात कळ आली तर?"

"तुझ्या रोजच्या दुखण्याच्या वहीत बघू. पहिला महिना... कळवळून आडवी पडायचीस, आणि दुखण्याला दहापैकी सहा!"

"तीस वर्षं निबंध तपासले. सहाच्या वर मी कुणालाच दिले नाहीत."

"म्हणून डॉक्टरांना वाटलं, बेताचंच दुखतंय. शेवटी मीच सांगितलं, वहिनीचे सहा म्हणजे जगाचे दहा!"

आजींनी हसू दाबलं.

"मग माझ्या गोळ्या बदलल्या, व्यायाम आले, चहा गेला. जंतू नाहीत, खडा नाही, मूत्राशय उगाच रुसलंय म्हणे."

"रुसलेल्याला चुचकारावंच लागतं. हा आठवडा... सोमवारी दोन, मंगळवारी एक. आणि काल? कोरंच?"

"अगंबाई! लिहायचं राहूनच गेलं."

"किती दुखलं?"

"दुखलं असतं तर विसरले असते का?"

मग नणंद एवढ्या मोठ्यानं हसली की नर्सनं दारातून डोकावून बाईंनाच आत बोलावलं.

"जा, विचार डॉक्टरांना."

"विचारते. तू तोवर तिकिटं बघ. आणि हे बघ, दाराजवळची जागा नको. मला खिडकीशी बसायचंय."